दोन भाऊ, एक पंप आणि मधे वहिनी

वहिनींनी घर धरून ठेवलंय, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि वहिनी ते मान खाली घालून ऐकायच्या. मान खाली घातली की स्तुती करणारा आणखी दोन वाक्यं जास्त बोलतो, हे त्यांना अनुभवाने कळलेलं होतं.

घर म्हणजे दोन मजले. वर थोरला भाऊ आणि वहिनी, खाली धाकटा. थोरला वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करून निवृत्त झालेला. सारा जन्म दुसऱ्यांच्या दाराबाहेर उभं राहून आकडे टिपण्यात गेला, त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे तो आधी संशयाने आणि मग चष्म्यातून बघायचा. धाकटा माशांच्या काचेच्या टाक्या बनवायचा. त्याचं दुकान खालच्या पुढच्या खोलीत, राहणं मागच्या खोलीत. लग्न त्याने केलं नव्हतं. मासे बोलत नाहीत, ही त्याला त्यांच्यातली सगळ्यात मोठी गुणाची गोष्ट वाटायची. जेवणाचा डबा त्याला वरून यायचा, वहिनींच्या हातून. दोन मजल्यांच्या मधे जिना होता आणि वहिनींचं निम्मं आयुष्य त्या जिन्यावर गेलं. पण म्हणून लगेच हळहळायची घाई करू नका.

दोघा भावांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. कारण विचारलं तर दोघेही गंभीर चेहरा करून "कारण मोठं आहे" एवढंच सांगायचे, कारण खरं कारण सांगायची दोघांनाही लाज वाटायची. भांडण झालं होतं गाडीच्या सीटवरच्या प्लॅस्टिकवरून. वडिलांनी गाडी नवी कोरी घेतली, तेव्हा सीटवर कारखान्यातूनच चढवून आलेलं प्लॅस्टिक होतं. ते त्यांनी शेवटपर्यंत कोणाला काढू दिलं नाही. उन्हात बसलं की पाठ चिकटायची, उतरताना चर्र करून आवाज यायचा, कातडी सोलून निघाल्यासारखी वाटायची, पण सीट खराब होता कामा नये. वडील गेले, सीट कोऱ्याच राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात धाकट्याने ते प्लॅस्टिक ओरबाडून कचऱ्यात टाकलं. थोरल्याने ते कचऱ्यातून उचललं, पुसलं, घडी घातली आणि म्हणाला, "बाबांची आठवण फाडलीस तू."

"आठवण पाठीला चिकटत होती," धाकटा म्हणाला.

झालं. त्यानंतर दोघांनी तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. गाडी मात्र दोघांची राहिली. एक आठवडा थोरल्याकडे, एक आठवडा धाकट्याकडे. आपला हक्क सोडला असं दिसू नये म्हणून काम नसलं तरी दोघेही आपापल्या आठवड्यात ती बाहेर काढून एक चक्कर मारून यायचे. आणि गाडी म्हटली की सांगायला काही ना काही असतंच. टायरमधली हवा, ब्रेकचं तेल, उजवा आरसा, डावा दरवाजा. दोघांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "त्याला सांग." आणि सांगायला वहिनी होत्या.

लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनींना कोणी काही विचारलं नव्हतं. सासूबाई असेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं की "तुला काय कळतं त्यातलं" हे ठरलेलं. नवरा वर्तमानपत्रामागून "हं" म्हणायचा. सासूबाई गेल्या, तरी "हं" काही बदललं नाही. पडदे कुठले लावायचे यावरसुद्धा वहिनींचं मत कोणी घेतलं नव्हतं. आणि अचानक एके दिवशी त्या जिना चढून वर आल्या, तर नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काय म्हणाला?"

इतक्या वर्षांत नवऱ्याने त्यांच्याकडे उत्तरासाठी बघायची ती पहिली वेळ. वहिनींनी लगेच सांगितलं नाही. आधी पदराने कपाळ पुसलं, पाण्याचा घोट घेतला, मग सांगितलं. त्या घोटभर वेळात नवरा ताटकळत बसला होता, आणि ते त्यांना फार आवडलं.

सुरुवातीला त्या निरोप साखरेत घोळून न्यायच्या. थोरला म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, चाकांत हवा भरायला हात झडलेत का?" खाली पोचेपर्यंत त्याचं व्हायचं, "भाऊजी, हवेकडे जरा लक्ष असू द्या म्हणतायत." धाकटा म्हणायचा, "त्यांना म्हणावं, मीटर वाचणाऱ्याने इंजिनात नाक खुपसू नये." वर त्याचं व्हायचं, "तुम्ही कशाला त्रास घेता, म्हणाले." गल्लीतल्या बायका म्हणायच्या, वहिनी होत्या म्हणून, नाहीतर एव्हाना दोघांनी डोकी फोडली असती. हे खरंही होतं. फक्त डोकी फुटली असती तर पट्टी बांधून दोघे दुसऱ्या दिवशी बोलायला लागले असते, हेही तेवढंच खरं होतं.

हळूहळू वहिनींचा हात बसला. कुठला निरोप गरम द्यायचा, कुठला निववून द्यायचा, कुठल्या निरोपाआधी उसासा टाकायचा, हे त्यांना बरोबर कळायला लागलं. "काही म्हणाले नाहीत" हे वाक्य तर त्या असं म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला रात्रभर झोप लागू नये. दोघेही पुरुष त्यांची वाट बघायचे. पावलं जिन्यावर वाजली की वरचा घसा खाकरायचा, खालचा हातातली काच बाजूला ठेवायचा. ज्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघराच्या रंगाबद्दल कोणी विचारलं नाही, तिच्या एका शब्दावर आता दोन मजल्यांचा मूड ठरायला लागला. अशी गादी कोण आपण होऊन सोडतं?

म्हणून एका संध्याकाळी दुकानात धाकटा काचेच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "वहिनी, दादाला सांगा, गाडीत पेट्रोल भरलंय. आणि सांगा, माझं चुकलं. आता पुरे झालं," तेव्हा वहिनींना जिना चढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. वर नवऱ्याने वर्तमानपत्र ठेवलं. "काय म्हणाला?"

"गाडीत पेट्रोल भरलंय म्हणाले."

हे काही खोटं नव्हतं. राहिलेलं उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग परवा. मग तो निरोप इतका शिळा झाला की आता सांगितला तर आजवर का नाही सांगितला हे सांगावं लागलं असतं. एकदा थोरला तापाने फणफणला होता. "त्याला म्हणावं, एकदा वर येऊन जा," असं तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. वहिनींनी खाली जाऊन सांगितलं, "बरं वाटतंय आता. काळजीचं कारण नाही म्हणतायत." धाकट्याने मान हलवली आणि टाकीतल्या माशांना खायला घालत बसला. वहिनींना त्या रात्री स्वतःचीच किळस आली. सकाळी दोघांनीही आपापल्या मजल्यावरून "काय म्हणाला?" विचारलं आणि ती किळस गेलीही.

यातही एक पथ्य त्या पाळायच्या. कंटाळवाणे निरोप त्या सरळ गाळायच्या. नटबोल्ट, तेलपाणी, वायर, असल्या निरोपात रंगत नसते, आणि जिना तर तेवढाच चढावा लागतो. तेव्हा थोरल्याने एकदा सांगितलं, की काचेवर पाणी मारायचा पंप गळत होता, मी तो पांढरी पुट्टी लावून बसवलाय, त्याला हात लावू नको म्हणावं. वहिनींनी तो निरोप कानामागे टाकला. काही महिन्यांनी धाकट्याने सांगितलं, की पंप गळतोय, मी टाक्यांना लावतो ते काळं सिलिकॉन चोपडलंय, ते खरवडू नका म्हणावं. तोही गेला कानामागेच. त्यात होतं काय सांगण्यासारखं?

गाडी म्हातारी झाली तसं सरकारी तपासणीचं लचांड मागे लागलं. दिवे, ब्रेक, धूर, हॉर्न सगळं बघतात, आणि पुढच्या काचेवर पाणी उडतंय का तेही बघतात. नापास झाली की गाडी भंगारात. पाणी उडत नव्हतं. बटण दाबलं की बॉनेटखालून कोणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज यायचा, बस्स. पाण्याची टाकी पुढच्या चाकाच्या वर, कोपऱ्यात कोंबलेली. तिच्या बुडाशी अंगठ्याएवढा पंप रबरी बुचात खोचलेला. तो मेला होता. नवा पंप बाजारात मिळाला, थोरल्याने आणलाही. पण जुना जागचा हलेना.

गॅरेजवाल्याने पंपाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "पंप कुठलाही बसेल हो. पण टाकी फुटली तर ही टाकी आता कुठेच मिळत नाही. प्लॅस्टिक वाळून पापुद्रा झालंय. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंत की खेळ खलास." मग त्याने रीत सांगितली. चाक काढायचं, एकाने खालून हात घालून टाकीचं बूड धरायचं, दुसऱ्याने वरून पंप थोडा थोडा पिळत वर ओढायचा, आणि रबर मऊ पडायला गरम पाणी सोडत राहायचं. "हे घरीच करा," तो म्हणाला. "माझ्या हातून फुटली तर तुम्ही दोघे भाऊ माझ्या उरावर बसाल, आणि तेही वेगवेगळे येऊन."

थोरल्याने घरी येऊन चपला काढल्या. मग म्हणाला, "त्याला सांग, उद्या सकाळी पंप काढायचाय. दोन माणसं लागतात."

"मी धरते की खालून," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतं त्यातलं."

हा एक निरोप वहिनींना गाळता येईना आणि देताही येईना. पंप निघाला नाही तर गाडी भंगारात जाणार. गाडी गेली की "त्याला सांग" म्हणण्यासारखं दोघांकडे काय उरणार? आणि पंप काढायचा तर ते दोघे एका बॉनेटमधे डोकी घालून उभे राहणार. एक शब्द निसटला की दुसरा निसटणार, आणि मग इतक्या वर्षांचे निरोप एकेक करून बाहेर पडणार. रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी निरोप दिला आणि स्वतःची तयारीही केली. घरातले सगळे थर्मास उकळत्या पाण्याने भरून खाली अंगणात आणून ठेवले, म्हणजे दोघांना एकटं सोडून वर जायला नको. मग गाडीच्या पुढच्या कोपऱ्याशी, बॉनेट आणि चाक यांच्या बरोबर मधे, स्टूल टाकून त्या बसल्या.

थोरला वरून बॉनेटमधे वाकला. धाकटा पोतं अंथरून चाकाच्या जागेत आडवा झाला, त्याचे नुसते पाय दिसत होते. दोघांच्या तोंडांत हातभर अंतर असेल नसेल.

"त्याला सांग, टाकी घट्ट धर."

"भाऊजी, घट्ट धरा म्हणतायत."

"दादाला सांगा, घट्टच धरलीय."

"धरलीय म्हणाले."

"उजवीकडे पीळ देतोय, सांग."

"भाऊजी, तुमच्या डावीकडून पीळ येतोय हं."

धाकट्याला दादाचं बोलणं लख्ख ऐकू यायचं, पण वहिनींचं सांगून होईपर्यंत तो हात हलवायचा नाही. थोरलाही तसाच. समोरच्या माणसाचं उत्तर कानात पडलेलं असताना तो बायकोकडे वळून "काय म्हणाला?" विचारायचा. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई एक चादर हातात धरून हे सगळं बघत उभी राहिली होती. वहिनींनी तिच्याकडे बघून दमल्यासारखं हसून घेतलं.

पंप काही हलेना. थोरला पिळत होता, धाकटा धरून होता, वहिनी थर्मास रिकामे करत होत्या. "मेलं हे चिकटलंय कशाला इतकं," थोरला पुटपुटला. शेवटचा थर्मास ओतला तर पाण्याला वाफही नव्हती.

"अगं, हे कोमट झालंय. उकळतं आण."

"आहे की गरम अजून."

"उकळतं आण म्हटलं ना!"

"आलेच," वहिनी म्हणाल्या, "तोवर कोणी काही करू नका." आणि या वयात जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून गेल्या. लवकर उकळावं म्हणून त्यांनी पातेल्यात अगदी थोडं पाणी घेतलं, गॅस मोठा केला आणि खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. खाली नवऱ्याची पाठ, दिराचे पाय. आवाज नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या गॅसकडे गेल्या, परत खिडकीकडे आल्या, परत गॅसकडे. पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरायला लागले होते.

तेवढ्यात खालून "आई गं!" असा आवाज आला. आणि पाठोपाठ दुसरा.

"लागलं का रे?"

हा आवाज कोणाचा, हे वहिनींना क्षणभर कळलंच नाही. इतकी वर्षं एका छताखाली राहूनही नवऱ्याचा असा आवाज त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

"बोट चिमटलं. तू थांबू नकोस, ओढ. सुटतोय!"

"सुटतोय?"

"ओढ रे दादा!"

वहिनी पातेलं फडक्यात धरून धावल्या. जिन्यावर निम्मं पाणी सांडलं, पायावरही सांडलं. अंगणात पोचल्या तेव्हा पंप थोरल्याच्या मुठीत होता, टाकी शाबूत होती, आणि टाकीतलं सगळं जुनं साबणाचं पाणी तोंडावर घेऊन धाकटा चाकाच्या जागेतून बाहेर आला होता. त्याच्या भुवयांवरून हिरवट पाणी निथळत होतं आणि थोरला हसत होता. पोट धरून हसत होता. आपला नवरा असा हसतो हे वहिनींना माहीतच नव्हतं, आणि ते बघून त्यांना आनंद होण्याऐवजी भीती वाटली.

हसू ओसरल्यावर थोरल्याने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पंप उजेडात धरून मीटर वाचावा तसा वाचायला घेतला. पंपाच्या मानेभोवती पांढरं कडं होतं, त्याच्यावर काळं.

"हे काळं कुठून आलं?"

"मी लावलंय. गळत होतं. आणि हे पांढरं?"

"ती पुट्टी माझी. तुला निरोप दिला होता की मी. हात लावू नको म्हणून."

"मला नाही मिळाला. मीपण दिला होता, खरवडू नको म्हणून."

"मलाही नाही मिळाला."

"कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल हो," वहिनी म्हणाल्या. पंपावर थांबलं असतं तर यात निभावूनही गेलं असतं. एवढे निरोप, त्यात दोन राहिले तर कोण काय म्हणतंय! पण धाकट्याने बाहीने तोंड पुसलं आणि कसलाही डाव मनात न ठेवता विचारलं, "मग तो तरी पोचला होता का?"

"कुठला?"

"माझं चुकलं म्हणून सांगितलं होतं तो. प्लॅस्टिकचा."

थोरल्याने पंप खाली घेतला. "कधी?"

"झाली की कित्येक वर्षं. तू काही बोलला नाहीस, म्हणून मला वाटलं, दादाने मनावर घेतलं नाही."

"मी तापात होतो तेव्हा तुला वर बोलावलं होतं. आला नाहीस तू."

"मला सांगितलं, काळजीचं कारण नाही."

मग दोघांनी वहिनींकडे बघितलं. त्यांच्या हातात पातेलं होतं, पायावर पाणी सांडलं होतं तिथे झोंबत होतं. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटत होती. आता आरडाओरडा होईल म्हणून त्यांनी डोळ्यांत पाणी तयार ठेवलं होतं. ओरडणाऱ्या पुरुषापुढे रडलं की निम्मं प्रकरण तिथेच मिटतं. पण ओरडलं कोणी नाही. दोघे परत गाडीकडे वळले. धाकट्याने रबरी बूच धुतलं, थोरल्याने नवा पंप त्यात दाबला. "दाब अजून." "बसला?" "बसला. वायर लाव." टाकी भरली, चाक चढवलं. वहिनी स्टुलाशी उभ्या होत्या. पातेल्यातलं पाणी कोणी मागितलं नाही आणि त्यांनाही ते खाली ठेवायचं सुचलं नाही.

धाकट्याने आत बसून बटण दाबलं. पाण्याच्या दोन धारा काचेवरून, छतावरून जाऊन पलीकडे पडल्या. "पास!" तो आतून ओरडला. थोरल्याने बॉनेट बंद केलं आणि त्याच्यावर हात टेकून उभा राहिला.

"चहा टाकू का दोघांना?" वहिनींनी विचारलं. आवाज त्यांनी शक्य तितका नेहमीसारखा ठेवला होता.

थोरल्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो खिडकीतून आत वाकला आणि भावाला म्हणाला, "तिला सांग, चहा नको. आणि म्हणावं, आता मधे उभं राहायची गरज नाही."

धाकटा गडबडला. एकदा दादाकडे, एकदा वहिनींकडे बघायला लागला. यातला कुठला शब्द गाळायचा, कुठे एक "जरा" घालायचा आणि कुठे थांबायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला तेवढं लागत नाही, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. धाकट्याने ते तसं करावं म्हणून त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याला त्यातलं काही येत नव्हतं. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"वहिनी, दादा म्हणतोय, चहा नको. आणि आता मधे उभं राहायची गरज नाही."